नोझल कोण ऐकत होतं

बा, कागदावर बापाला तुम्ही म्हणायचं असतं असं सून सांगते. तू जिवंत होतास तेव्हा मी तुला कधी तुम्ही म्हटलं नाही, आता मेल्यावर कुठून मानपान आणू? तर ऐक. पेणच्या खोलीतलं तुझं नोझल तपासायचं हातयंत्र माझ्याकडे आहे. तू गेल्यावर भावांनी खोली रिकामी केली, कामाचं तेवढं त्यांनी नेलं आणि हे लोखंड माझ्या गळ्यात मारलं. इतकी वर्षं ते वरसेच्या घरात पोटमाळ्यावर गोणपाटात गुंडाळलेलं पडलं होतं. या आठवड्यात माझ्या नातवाने ते खाली काढलं, डिझेलने धुतलं, आतली कुजलेली रबरं बदलली आणि परसात कपडे धुवायच्या कट्ट्यावर बोल्ट मारून घट्ट बसवलं. मग पाट आणून ठेवला आणि मला म्हणाला, "आजी, बस हितं. मी दांडा मारतो, तू ऐक आन् सांग कुठल्या घालू." मी बसले. त्याने दांडा मारला. आणि बा, मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

आधी त्याची गाडी सांगते, म्हणजे तुला कळेल मी कशात अडकले. जुना सहा सिलिंडरचा ट्रक आहे. धाटावच्या कंपन्यांतून पिंपं भरायची आणि मुंबईकडे न्यायची, हा त्याचा धंदा. भरलेली गाडी भिसे खिंडीत चढायला लागली की मागचा एसटीवाला त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढतो. म्हणून या शहाण्याने इंजिनाला एका नव्या गाडीचा टर्बो बसवून घेतला. तू होतास तेव्हा आपल्याकडच्या गाड्यांना टर्बो नसायचा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर त्यातला पंखा फिरतो आणि आत जास्तीची हवा कोंबतो. आता हवा वाढली तर डिझेल वाढवायला हवं, नाहीतर पंखा नुसता शोभेचा. डिझेल वाढवायचं तर ते आत फवारणाऱ्या नोझली बदलायला हव्यात. त्याने भंगारवाल्याकडून दोन संच आणलेत, एक मोठ्या भोकांचा आणि एक मधल्या. मोठ्या घातल्या तर गाडी हत्तीसारखी ओढेल असं तो म्हणतो, आणि ओढेलही. पण त्यातल्या एखाद्या नोझलीची सुई अडकत असली, धुक्यासारखा फवारा मारायच्या जागी ती लहान पोरासारखी मुतायला लागली, तर डिझेल पिस्टनच्या टाळूवर पडून तिथंच जळत राहणार आणि पिस्टनला भोक पडणार. तेही भर चढणीत, मागे पिंपं भरलेली. सोमवारी त्याची पहिली खेप आहे.

मी म्हटलं, "मशीनवर ने की. आता तपासायची मशीनं हायेत." तर म्हणतो, "मशीनवाला पहिलं इचारतो कंपनीचं माप काय. या इंजिनाला कुठलं माप? अर्धं हिकडचं, अर्धं तिकडचं. असल्या इंजिनाच्या नोझली पणजोबाच निवडायचा ना?" निवडायचा, खरं आहे. तुझ्याकडे यायच्याच त्या असल्या गाड्या. लढाईतून मोडीत निघालेले पेट्रोलचे ट्रक, त्यात कुणी डिझेलचं इंजिन बसवलेलं, कुणी तर धरमतरच्या खाडीतल्या लाँचचं इंजिन उचलून गाडीत घातलेलं. त्यांच्या नोझलींचं माप कुठल्याच कागदात नसायचं. तू गाडीचा धूर बघायचास, पिस्टनवरचा काजळीचा डाग बघायचास, किती ओझं आणि कुठला चढ ते विचारायचास, आणि मग खोक्यातून सहा नोझली निवडायचास. सर्वांत चांगल्या सहा कधीच नाहीत. एकसारख्या सहा. "एक जोरकस आन् पाच मरतुकड्या, तर जोरकसच इंजिन मारते," असं म्हणायचास. आणि शेवटी यंत्राला एकेक लावून, डोकं खाली घालून, कान तिच्या तोंडाजवळ नेऊन ऐकायचास. चांगली नोझल बोलते. दांडा दाबला की आतली सुई उठते-बसते, उठते-बसते, आणि ती रातकिड्यासारखी किर्र किर्र करते. अडकलेली नुसती फस्स करते. फवारा डोळ्याला सारखाच दिसतो, फरक कानालाच कळतो. सगळ्या हायवेला ठाऊक होतं की पेणच्या मिस्त्रीसारखा कान कुणाला नाही.

आणि तू ठार बहिरा होतास. लाँचच्या इंजिनखोलीत तुझे कान गेले ते तू किनाऱ्यावर यायच्या आधीच. ओरडून बोललेलं तुला थोडं समजायचं, बाकी तू ओठांवरून ओळखायचास. पण नोझलीला ओठ कुठले?

चौथीनंतर तू मला शाळेतून काढलीस. आयला सांगितलंस, भाकऱ्या शिकू दे. आणि दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या राहिल्या बाजूला, मी तुझ्या खोलीत नोझली धूत बसले. एकदा फवाऱ्यापुढे बोट नेलं तर हातावर असा फटका मारलास की बांगडी फुटली. "ते कातडीतून आत शिरतं, बोट सडतं," म्हणालास. मग दांडा मारायचं काम माझ्याकडे दिलंस. तू ऐकायचं नाटक करायचास आणि अंदाजाने सांगायचास हे मला कुठं माहीत होतं. मी सहज म्हणून गेले, "बा, ही मुकी हाय." तू माझ्या तोंडाकडे बघत होतास म्हणून तुला कळलं. तू ती नोझल उघडलीस. आत सुईला ओरखडा होता.

त्या दिवशी जेवताना आयसमोर तू सांगितलंस, "उद्यापासनं ही दांडा मारंल. नोझल वायट असली तर माझा पाय दाबंल. तोंड उघडायचं नाय." आय चुलीपुढून म्हणाली, "पोरीनं बापाला पाय लावायचा? नरकात जाईल ती." तू म्हणालास, "मी सांगतो तर नाय जायाची." "तुमी काय यमाच्या घरी कारकून हाव?" यावर तू ताटातलं कालवण ओरपलंस आणि ऐकू न आल्यासारखं केलंस. बहिरेपणाचा तेवढा एक उपयोग तुला कायम जमला.

पहिल्याच दिवशी मी घोटाळा केला. घाटावरचा एक ड्रायव्हर समोर उभा, मी दांडा मारते आहे, नोझल फस्स करते आहे. मी बाकड्याखाली तुझा पाय दाबला. आणि लहानपणापासूनची सवय, मोठ्या माणसाला पाय लागला, मी पटकन वाकून नमस्कार केला. ड्रायव्हर हसायला लागला. "काय वो मिस्त्री, पोरगी नोझलीच्या पाया पडती का काय?" तुला शब्द कळले नसतील, पण त्याचं हसणं दिसलं. तू गंभीर तोंड करून म्हणालास, "लक्ष्मी हाय ती. पाया पडायलाच पायजे." झालं. त्या बाबाने खिशातला रुमाल काढून डोक्यावर घेतला आणि यंत्राला हात जोडले. पुढच्या आठवड्यात त्याने आणखी एकाला आणलं, त्याने नारळ फोडला. नंतर तर नोझली तपासायला आलेला प्रत्येक जण आधी यंत्राला हात लावून छातीला लावायचा. त्या पहिल्या दिवशी ड्रायव्हर गेल्यावर तू मला बोललास. "पाय लागला तरी वाकायचं नाय. मनात वाक, कमरेत नाय." बापाला लाथ लावायची आणि नमस्कार करायचा नाही, हे मला तू शिकवलंस. जगात दुसऱ्या कुठल्या पोरीला शिकवलं असेल असं वाटत नाही.

पुढे तुझी कीर्ती झाली. खांब गावच्या चहाच्या टपरीवर ड्रायव्हर सांगायचे, मिस्त्रीला माणसाचं बोललेलं ऐकू येत नाय, नोझलीची कुजबुज ऐकू येते. देवाने एक दार बंद केलं, दुसरं उघडलं, वगैरे. दुसरं दार म्हणजे मी, डोक्याला तेल थापून, दोन वेण्या घालून दांड्याशी उभी. माझे कान मात्र तू जपलेस. चालू इंजिनाजवळ जाऊ द्यायचा नाहीस. गणपतीच्या मिरवणुकीत ताशाच्या जवळ गेले तर ओढत घरी आणायचास. कापूस आणून द्यायचास, जसा दुसरा बाप रिबिनी आणतो. मला वाटायचं, एकदा तरी तू कुणाला सांगशील. एकाला तरी. चुलत्याला, नाहीतर त्या नारळवाल्याला. नाही सांगितलंस. माझ्या लग्नात मात्र तू बेंजोवाल्यांना म्हणालास, "वाजवा आता, किती वाजवायचं ते." मांडवात बसल्या बसल्या मला घोर लागला. नवऱ्याचा नाही, तुझा. आता माझ्या कानाशिवाय तुझं कसं व्हायचं?

तुझं काय झालं ते मला अर्धंच माहीत आहे, आणि तेच मला इतकी वर्षं खातं आहे. मी वरसेला आले, नवरा धाटावला शिफ्टला जायला लागला. पावसाळा सरला आणि खाडीकडचा एक मिठागरवाला तुझ्याकडे आला. त्याच्या गाडीत लाँचचं इंजिन होतं. तू नोझली निवडून दिल्यास. मीठ भरून गाडी सुकेळीच्या खिंडीत चढली, इंजिन मेलं, गाडी मागे घरंगळत खाली गेली. ड्रायव्हर मेला. त्याची बायको आमच्या ओळखीची होती, गरोदर होती. लोक म्हणाले ब्रेक गेले, लोक म्हणाले मीठ जास्त भरलं होतं. तुझ्या नोझलींचं नाव कुणी घेतलं नाही. तुझ्या कानावर एवढा विश्वास. कुणाला शंका आली नाही, फक्त मला आली.

मग तू वरसेला आलास. मी भाताला फोडणी देत होते. चुलीजवळच्या पाटावर बसलास, चहा घेतलास, भिंतीकडे बघत बसलास. मी दोनदा तोंड उघडलं, विचारावं म्हणून, बा, दांडा कोण मारत होतं? तू ऐकलंस का? अंदाजाने दिलंस का? पण तू माझ्या तोंडाकडे बघतच नव्हतास, आणि तुझ्याशी बोलायचं तर तू बघायला हवंस. भिंतीकडे बघणाऱ्या बहिऱ्या माणसाला काय विचारणार. निघालास तेव्हा मी नमस्काराला वाकले. तू पाय मागे घेतलेस. चटका बसल्यासारखे घेतलेस. त्या महिन्यात खोलीला कुलूप लागलं आणि वर्ष सरायच्या आत तू गेलास. डॉक्टर म्हणाले छाती. असेल. डॉक्टरला जे विचारलं नव्हतं ते डॉक्टर कशाला सांगेल.

आता माझं ऐक. नवरा गेल्यावर मी गिरणी चालवली. पट्ट्याच्या खडखडाटात माझेही कान गेले, तुझ्यासारखेच, हळूहळू, उंच आवाज आधी. परसात बसून मी नातवाला सरळ सांगितलं, "मला नाय ऐकू येत रे." तो काय म्हणाला माहीत आहे? माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "पणजोबाला तरी कुठं येत होतं? पण नोझल ऐकू यायची ना! तुझं बी तसंच हाय. घराण्याचा कान हाय आपला." म्हटलं, "घराण्याचा कान म्हणे, घराण्याची अक्कल का नाय आली तुला?" हसला आणि एकेक नोझल लावून दांडा मारत राहिला. मी बघत राहिले. फवारे छान दिसत होते, सगळे. ऊन पडलं होतं, धुकं उडत होतं, डिझेलचा तो वास. मला क्षणभर पेण आठवलं आणि मी डोळे मिटले असतील. उघडले तर त्याने ती नोझल काढून उजवीकडे फडक्यावर ठेवली होती.

मी नीट बघितलं. फडक्यावर मोठ्या भोकांच्या सहाच्या सहा नोझली ओळीत होत्या. डावीकडे एकही नाही. विचारलं, "ह्या काय?" "चांगल्या." "कुणी सांगितलं?" "तूच की. तू मान हालवलीस, नाय तर डोळं मिटलंस." बा, माझी मान म्हातारपणाने हलते. माशी बसली तरी मी डोळे मिटते. तो माझ्या तोंडावरून निकाल वाचत होता, जसा तू पहिल्यांदा वाचला होतास, आणि मी काहीच सांगत नव्हते. तो त्या सहा नोझली घालून सोमवारी खिंडीत जाणार होता. माझ्या मानेच्या भरवशावर.

मी उठून दांडा धरला. म्हटलं, "बंद कर. खाली बस." आणि सांगितलं. तुझं बहिरेपण, माझा कान, बाकड्याखालचा पाय, सगळं. तो आधी हसला, त्याला वाटलं म्हातारी गंमत करते. मग म्हणाला, "म्हणजे पणजोबा खोटा?"

"खोटा नाय. बहिरा."

"तेच ना. लोकांना फसवलं."

"लोकांना नोझली बरोबर मिळाल्या. कुणाच्या कानानं ते कुणी इचारलं नाय."

"मग तू सासरी आल्यावर कोण ऐकायचं?"

हा प्रश्न त्याने पटकन विचारला. पोरगा अक्कलशून्य नाही, मी उगाच म्हणते. मी त्याला सुकेळीचंही सांगितलं. म्हटलं, नोझलीनं झालं असंल, ब्रेकनं झालं असंल, मला म्हाईत नाय, आन् त्याला तरी म्हाईत व्हतं का तेही मला म्हाईत नाय. तो उठला. मग दोन्ही संच फडक्यात गुंडाळले आणि मोटारसायकलवर पेणला घेऊन गेला, मशीनवाल्याकडे. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी त्याचा सुनेला फोन आला, तिने मला ओरडून सांगितलं. माप नसलं तरी सुई अडकते का नाही ते मशीन सांगतं. मोठ्यांपैकी दोन अडकत होत्या. मधल्या सहा एकसारख्या आहेत, त्याच घालतोय. गाडी हत्तीसारखी ओढणार नाही, पण पिस्टन राहील. संध्याकाळी येऊन तो पायरीवर बसला, हात काळे, आणि माझ्यासमोर तोंड आणून, म्हणजे मला ओठ दिसावेत असं, हळू म्हणाला, "आजी, इतकी वर्षं गप का बसलीस? तुझं नाव झालं असतं." म्हटलं, "माझं नाव रेशनकार्डावर हाय, पुरं झालं. आन् कुणी इचारलं नाय मला." तो उठून हात धुवायला गेला.

ते खरं नाही, बा, म्हणून हे लिहायला बसले. हा कागद कुठं पाठवायचा नाही, आणि सून वाचील, म्हणून उद्या पाणी तापवायच्या चुलीत घालीन. तुझा राग मला आहेच. पाय मागे घेतलेस त्याचा आहे, भिंतीकडे बघत बसलास त्याचा जास्त आहे. पण गप्प मी तुझ्या भीतीने बसले नव्हते, आणि कुणी विचारलं नाही म्हणूनही नाही. मोठमोठे मिशीवाले ड्रायव्हर यंत्राला हात जोडून डोळे मिटायचे आणि तू त्यांच्या डोक्यावरून एकदाच माझ्याकडे बघायचास. घरी आय सोडली तर एवढ्या लांब रस्त्यावर ते फक्त आपल्या दोघांना ठाऊक होतं. मला ते आवडायचं.